एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग: स्टील, ग्राफाइट की तांबं?

थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक, गाडी तापली की आवाज बंद, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा नळ) इंजिनाच्या हेडला जोडतो त्या सांध्यावर काजळीचा ओघळ. या सांध्यातलं पॅकिंग (गॅस्केट) गेल्याची ही खूण. तापलेला मॅनिफोल्ड फुगून फट बुजवतो, म्हणून बरेच जण दुरुस्ती पुढे ढकलतात. पण गळतीतून हवाही आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी वाटतं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त सोडतो आणि मायलेज पडतं.

रोजच्या पेट्रोल गाडीला मल्टिलेयर स्टीलचं पॅकिंगच घ्या. स्प्रिंग स्टीलचे पातळ थर प्रसरणाबरोबर दबतात, पुन्हा उसळतात. सहसा परत आवळावं लागत नाही. अट एकच, दोन्ही पृष्ठभाग सपाट हवेत. मॅनिफोल्डवर सरळपट्टी ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पाती) घाला, साधारण ०.१ मिमीपेक्षा जाड पात शिरली, तर आधी फेसिंग करून (पृष्ठभाग घासून सपाट करून) आणा. हे टाळलं की महागडं पॅकिंगही पुन्हा फुंकतं, आणि दोष मात्र पॅकिंगला!

ग्राफाइट मऊ असतं, बारीक खड्डे भरून काढतं, म्हणून जुन्या, किंचित खराब पृष्ठभागावर सोयीचं. मात्र सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या पुढे ते हवेत हळूहळू जळतं. पेट्रोल गाडीचा धूर जोरात चालवताना ८०० च्या वर जातो. डिझेलचा त्यामानाने थंड.

तांब्याचं लालभडक तापवून मऊ केलं की पुन्हा वापरता येतं, पण वारंवार आवळावं लागतं. हौशी गाड्यांपुरतं ठीक.

नुसती लाल सिलिकॉन पेस्ट? नको. या सांध्याच्या उष्णतेत ती टिकत नाही आणि तिची वाफ सेन्सर बिघडवते.

खरा वेळ स्टड (मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारे आट्यांचे दांडे) खातात. लांब मॅनिफोल्ड टोकांना सर्वाधिक सरकतो, म्हणून टोकाचे स्टड आधी तुटतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, काम इंजिन थंड असतानाच करा. ॲल्युमिनियमचं हेड प्लास्टिकच्या खरवडणीनेच साफ करा. नट नवे घ्या, पॅकिंग कोरडंच बसवा. मधून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. एम८ स्टडला बहुधा २०–२५ न्यूटन-मीटर लागतात, तरी आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा.

हे सगळं उघडण्याआधी खालच्या पाइपच्या सांध्यातली गोल रिंग तपासा. गळती तिथे असेल तर मॅनिफोल्डला हात लावायची गरजच नाही.