तिथी नाहीत, तरी भिंतीवर ठेवलंय

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या एका बोळातल्या स्टेशनरीच्या दुकानातून जानेवारीत हे कॅलेंडर घेतलं. स्वातंत्र्यलढ्यातल्या बायकांचं, बारा महिन्यांना बारा रंगीत चित्रं. १८० रुपये. आठ महिने वापरून लिहितेय.

मी घरी ब्लाऊज शिवते. कॅलेंडर मशीनच्या वर टांगते आणि त्यावर दोनच गोष्टी लिहिते, कुणाचा ब्लाऊज कधी द्यायचा आणि दूध किती घेतलं. तिथंच पहिली तक्रार. चित्रानं पाऊण पान खाल्लंय, तारखेच्या चौकोनात ‘दीड लिटर’ एवढंसुद्धा मावत नाही. कागद इतका गुळगुळीत की बॉलपेन घसरतंय. शिवाय तिथी नाहीत. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे कसलं कॅलेंडर गं? संकष्टी काय शेजारणीला विचारू?" त्यामुळं स्वयंपाकघरात नेहमीचं वेगळं लावावंच लागलं.

आता चित्रं. झाशीची राणी असणारच, ती नोव्हेंबरात आहे. मार्चला उषा मेहता, १९४२ साली मुंबईत चोरून रेडिओ चालवणाऱ्या. सप्टेंबरात बंगालच्या मातंगिनी हाजरा, सत्तरी ओलांडलेली म्हातारी, हातात झेंडा घेऊन पोलिसांच्या गोळ्यांसमोर.

फेब्रुवारीचं पान मात्र मी मार्च लागला तरी उलटलं नाही. हौसाताई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायको कडाकडा भांडतायत आणि पोलीस सोडवायला बाहेर धावलेत, असं चित्र. भांडण खोटं होतं, नवराही खोटाच, सोंग घेतलेला साथीदार. तेवढ्यात पत्री सरकारच्या, म्हणजे नाना पाटलांनी सातारा-सांगलीकडं इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या भूमिगत सरकारच्या, साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. खरं वाटावं म्हणून त्या सोंगातल्या नवऱ्यानं खरंच मारलं, ही तक्रार त्या म्हातारपणापर्यंत करायच्या! याच बाई पुढं गोव्यात पोर्तुगीजांच्या हद्दीतून मांडवी ओलांडून आल्या, रात्री लाकडी पेटीवर बसून, साथीदार बाजूनं पोहत. चित्रकाराचा हात चांगला आहे, पण त्यानं हौसाताईंना सहावारी नेसवलीय. त्या काळात, त्या भागातली शेतकऱ्याघरची बाई आणि सहावारी? काष्टा हवा होता. कपड्यातलं मला कळतं, म्हणून खटकतं.

हे पान बघून सासूबाई बोलत्या झाल्या. त्यांचं माहेर वाळवा तालुक्यातलं. त्यांची आई रानात लपलेल्या माणसांना भाकरी पोचवायची, बुट्टीत खाली भाकऱ्या आणि वर वैरण. वाटेत कुणी हटकलं तर म्हणायची, म्हशीला घालायला निघालेय. रोज किती थापायची, तर सासूबाई म्हणतात, "मोजलं कुणी? काटवटीतलं पीठ संपेपर्यंत." लग्नाला चाळीस वर्षं होत आली, हे मला पहिल्यांदा कळलं.

खरा राग पुढंच आहे. दुकानातून पाच-सात मिनिटं चालत गेलं की शिवाजी चौक. आज तिथं बाबूराव पेंटरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, १९४५ सालचा. त्याआधी त्या जागी मुंबईचा इंग्रज गव्हर्नर विल्सन याचा होता. १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी त्याला डांबर फासलं. भर चौकात, संस्थानच्या राजधानीत! पुढच्या वर्षी पोरांनी तो फोडला, आणि लोकांच्या तोंडी ते फोडणंच राहिलं. या कॅलेंडरात दोघी ऑगस्टच्या पानाखाली, बारीक अक्षरात, ‘तसेच’ म्हणून जी नावं आहेत त्यात. एका ओळीत सात जणी.

दुकानदाराला म्हटलं, कोल्हापुरात छापता आणि कोल्हापूरच्याच बायका तळाला? तो म्हणाला, "काकी, पुण्या-मुंबईलापण खपायला पायजे नव्हं." मी म्हटलं, पुण्याची माणसं अंबाबाईला येतात, त्याच चौकाजवळनं जातात की. हसला आणि पिशवीचे पाच रुपये सोडले. माणूस वाईट नाही.

घ्यायचं असेल तर दुकानात जाऊनच घ्या. बहिणीला कुरिअरनं पाठवलेलं नळीत दाबून आलं, मेची घडी अजून गेली नाही. पुढच्या वर्षी चौकोन मोठे केले, तिथी घातल्या आणि शिवाजी चौकाला एक अख्खं पान दिलं, तर मी दोन घेईन, एक सासूबाईंच्या माहेरी धाडायला. तोवर ऑगस्टच्या पानावर दोघींची नावं मी लाल स्केचपेननं मोठी करून ठेवलीत. त्यात ११ तारखेचं दूध झाकलं गेलंय, गवळ्याला विचारावं लागेल.