‘गोदान’ : तीसचे दोनशे कसे होतात

प्रेमचंदांची ‘गोदान’ १९३६ साली आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. हिंदी शिकलेल्या बहुतेकांनी तिचं नाव ऐकलेलं असतं, एखादा उतारा परीक्षेपुरता वाचलेलाही असतो. सलग वाचणारे कमी. डिचोली तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मी कर्जखात्याच्या वह्या सांभाळल्या. निवृत्तीनंतर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून ही कादंबरी आणली आणि कागद-पेन्सिल घेऊन वाचली. ती तशीच वाचावी असं मला मनापासून वाटतं, कारण या लेखकाने आकडे शोभेसाठी टाकलेले नाहीत.

अवधातल्या बेलारी गावचा होरी, त्याची बायको धनिया, मुलगा गोबर, मुली सोना आणि रूपा. कथा सुरू होते तेव्हाच होरीवर किती देणं आहे ते पाहा. मँगरू साहाकडून बैलासाठी साठ रुपये घेतले, साठ फेडले, आणि साठ अजून जसेच्या तसे उभे आहेत. पंडित दातादीनकडून तीस घेऊन बटाटे लावले. बटाटे चोरांनी खणून नेले आणि तीन वर्षांत त्या तिसाचे शंभर झाले. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा दुकानदारीण दुलारीकडून चाळीस घेतले, तेही शंभराच्या घरात गेले. दुलारीचा दर रुपयाला एक आणा. महिन्याचा धरला तर शेकडा सव्वासहा, वर्षाचे पंच्याहत्तर टक्के. मग मी दातादीनच्या तिसाचा हिशेब मांडला. सरळ व्याजाने दर निघाला वर्षाला अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. दोन सावकार, दोन वेगळे व्यवहार, आणि दर जवळजवळ सारखा! गावाचा बाजारभावच तो. लिहिणाऱ्याने हे सगळं जवळून पाहिल्याशिवाय असं जुळत नाही.

पुढे गोबर शहरातून परततो आणि दातादीनसमोर बसून महिना शेकडा एक रुपया दराने हिशेब करतो. दहा वर्षांचे छत्तीस, मुद्दल धरून सहासष्ट, घ्या सत्तर. दातादीन मागतो दोनशे. कायद्याने गोबर बरोबर आहे आणि दातादीनलाही ते कळतं. म्हणून तो कागद काढत नाही, आपण ब्राह्मण असल्याचं सांगतो. बस्स! होरीचा धीर सुटतो आणि पै न् पै फेडायचं तो कबूल करतो. संपूर्ण कादंबरीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो हा प्रसंग. सावकाराचं खरं तारण जमीन नव्हे, घरही नव्हे. होरीला चारचौघांत मान खाली घालायची नाही, हेच त्याचं तारण. जमीन जाऊ शकते, बैल मरू शकतो. हे तारण बापाकडून मुलाकडे आपोआप येतं, त्याला नोंदणीही लागत नाही.

हे मी काउंटरच्या अलीकडून पाहिलं आहे. वडील वारले, मुलगा जामीनदार नाही, वसुलीची नोटीसही त्याच्या नावावर निघालेली नाही, तरी बारावं उरकताच तो येऊन विचारायचा, “बाबांचं किती राहिलं?” असे लोक थोडे नव्हते. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या भागात कर्जाने घेतलेले ट्रक रस्त्याकडेला ताडपत्री घालून उभे राहिले. माझ्या दिरानेही ट्रक घेतला होता. जावेच्या पाटल्या गहाण पडल्या, पोरांच्या शिकवणीचे पैसे थकले, पण गणेशचवथीला घरात काही कमी दिसू दिलं नाही. होरी सोनाच्या लग्नाला पुन्हा दोनशे काढतो, तेव्हा त्याच्यावर रागावायला माझं मन धजलं नाही. सोना मात्र नवऱ्या मुलाला निरोप धाडते की हुंडा घेऊ नकोस. तिला बाप दिसतो आणि बापाला गाव दिसतं.

ज्यांच्या घरी भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, खंड भरलेला आहे त्यांनी रूपाच्या लग्नाचा भाग सावकाश वाचावा. तीन वर्षांचा सारा थकलेला, शेत हातचं जाणार. अशा वेळी होरीहून दोन-चारच वर्षांनी लहान असलेल्या रामसेवकाला मुलगी द्यायची आणि दोनशे रुपये घ्यायचे. ते घेताना होरीचा हात थरथरतो. माझे आजोबा कूळ होते. आपल्याकडे गोव्यात १९६४चा कूळ कायदा आणि भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीचा १९७५चा मुंडकार कायदा येण्याआधी ‘ऊठ’ म्हटलं की उठायचं, ही भीती ज्या घरांनी पाहिली त्यांना त्या थरथरीचं कारण वेगळं सांगावं लागणार नाही.

पण या घराचं मोजमाप कर्जाच्याही आधी धनियाने केलेलं आहे. तिची सहापैकी तीन मुलं लहानपणीच गेली. औषध मिळालं असतं तर जगली असती असं तिला वाटतं, आणि एका धेल्याचंही औषध तिला आणता आलेलं नव्हतं. हे पहिल्याच प्रकरणात येतं, काही ओळींत. लेखक तिथे थांबत नाही, मी मात्र थांबले.

शहराचा भाग मला तेवढा भावला नाही. लखनौचे प्राध्यापक मेहता, डॉक्टर मालती, उद्योगपती खन्ना यांच्या सहली आणि चर्चा लांबतात. मेहतांचं बायकांच्या आदर्शावरचं भाषण तर मला पटलंच नाही. लाचेसाठी काढलेले पैसे फौजदारासमोर भिरकावून देणारी आणि गोबरपासून गरोदर राहिलेल्या झुनियाला दारातून परत न पाठवणारी धनिया त्याच पुस्तकात असताना त्या भाषणाची गरज काय? बेलारीचे जमीनदार रायसाहेब यांची प्रकरणं मात्र गाळू नका. जमीनदारही कर्जात बुडालेला आहे, फक्त त्याचा आकडा मोठा आणि सावकार सुटाबुटातला. आणि गोबर? तो लखनौला खोमचा, म्हणजे खाण्याच्या पदार्थांची फेरी, लावतो, चार पैसे गाठीला बांधतो आणि शेजारच्या टांगेवाल्यांना व्याजाने द्यायला लागतो. होळीच्या सोंगात ठाकूर दहाच्या कागदावर पाचच रुपये हातावर ठेवतो, नजराणा, लिखाई, कागद, दस्तुरी, व्याज असा एकेक रुपया कापून. ते सोंग गाजवणारा गोबरच पुढच्या पिढीचा सावकार होऊ पाहतो. प्रेमचंद त्याला दोष देत नाहीत, लपवतही नाहीत. या धैर्यासाठी मी पुस्तकाला पूर्ण गुण देते.

हिंदी अवघड नाही. गावाकडचे काही शब्द अडतात, दोन-तीन प्रकरणांत सवय होते. लेखकाचे हक्क केव्हाच संपल्याने बाजारात कितीतरी आवृत्त्या आहेत आणि बऱ्याच स्वस्त आहेत, पण काहींची छपाई इतकी बारीक की डोळे दुखतात. पानं चाळून घ्या, मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ असेल तर ठेवून द्या. उसाच्या पैशांचा प्रसंग पूर्ण मिळायलाच हवा. कारखान्यात होरीला एकशेवीस मिळतात, सावकार झिंगुरी सिंग तिथेच आपले कापून पंचवीस देतो, आणि ते पंचवीसही घरी पोचायच्या आत जमीनदाराचा कारभारी नोखेराम घेऊन जातो. ज्यांच्या घरात सध्या कुठलाही हप्ता चालू आहे त्यांनी हे प्रकरण नवरा-बायकोने मिळून वाचावं, मुलं मोठी असतील तर त्यांनाही बसवावं, आणि आपल्या घराचे आकडे त्याच संध्याकाळी मांडावेत.