अर्धी खोललेली मोटारसायकल हिवाळाभर उघड्यावर: कव्हर घालावं की वर छप्पर करावं?

टाकी उतरली, सीट निघाली, कार्बोरेटर बाकावर आला, पुढचं चाकही काढून झालं, आणि नेमका एक पार्ट यायचा राहिला. तेवढ्यात थंडी पडली. गॅरेज नाही, घरात चेसिस घेण्याइतकी जागा नाही. म्हणजे गाडी आता थंडी सरेपर्यंत बाहेरच.

अशा वेळी विचार करण्यासारखे पर्याय दोनच आहेत. गाडीच्या मापाचं वॉटरप्रूफ कव्हर, नाहीतर पाइपांचा किंवा लाकडी सांगाडा उभा करून त्यावर ताणलेली ताडपत्री, बाजू बऱ्याचशा मोकळ्या. काहीजण ताडपत्री थेट गाडीला गुंडाळून दोरीने आवळतात. त्यापेक्षा गाडी उघडी ठेवलेली परवडली, इतका ओलावा आत कोंडतो. मी कव्हर आणि छप्पर, दोन्ही वापरलंय. माझा कल पुढे कळेलच, पण कव्हरच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे.

कव्हरला जागा लागत नाही. शेजाऱ्यांना विचारावं लागत नाही. आडवा पाऊस आला तरी खालपर्यंत झाकलेलं असतं, आणि आत काय आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाही. खोललेल्या गाडीचे सुटे भाग उचलून न्यायला सोपे असतात, त्यामुळे हा मुद्दा छोटा नाही. गाडी पूर्ण जोडलेली असती तर मी कदाचित कव्हरच सुचवलं असतं.

पण कव्हर शिवणाऱ्याने माप घेतलेलं असतं ते अख्ख्या गाडीचं. टाकीचा उंचवटा, मग सीट, मग शेपूट, असा त्याला आतून आधार असतो आणि पाणी दोन्ही अंगांनी ओघळून जातं. टाकी आणि सीट काढली की हँडलपासून मागच्या मडगार्डपर्यंत मधे नुसती पोकळी राहते. कव्हर तिथे झोळीसारखं लोंबतं. पहिल्या पावसात त्यात तांब्याभर पाणी साचतं, त्या वजनाने ते आणखी खाली जातं, मग बादलीभर साचतं. आणि ही झोळी बरोबर कुठे लोंबते? इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल शिरतं त्या नळीच्या, तोंडावर आणि वायरिंगच्या जुडग्यावर.

इथवरही चालवून घेता येईल, कारण कव्हर चांगलं असेल तर पाणी बाहेरच राहतं. खरा वैताग कव्हर काढताना. एक कड उचलली की झोळी कलते आणि साचलेलं सगळं पाणी भस्सकन उघड्या इंजिनवर. आठवडाभर कव्हरने जे पाणी आत जाऊ दिलं नव्हतं, ते आपण एका क्षणात आपल्या हाताने आत ओततो. मग आधी मगाने पाणी उपसा, उरलेलं फडक्याने टिपा, मग कव्हर हळूच गुंडाळत मागे घ्या. एवढं करूनही शिवणीच्या दुमडीत राहिलेली धार कुठेतरी गळतेच. नुसता स्पॅनर विसरला म्हणून पाहायला गेलं तरी हा सगळा सोहळा. परिणाम असा झाला की मी गाडीकडे जायचंच टाळू लागलो, आणि बाहेर ठेवलेल्या गाडीला याइतकं वाईट काही नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

यावर तोड नाही असं नाही. टाकीच्या जागी चेसिसवर प्लॅस्टिकचा टब उपडा बांधून उंचवटा करता येतो. पुठ्ठ्याचं खोकं ठेवू नका, आतल्या दमटपणाने ते मऊ पडून बसतं. टब पक्का बांधला तर झोळी बरीच कमी होते. पण वारा सुटला की कव्हर फडफडत त्याला इकडून तिकडे ढकलतं, आणि फूटरेस्ट, क्लच लिव्हर, चेसिसचे उघडे ब्रॅकेट यांची टोकं कापडाला आतून घासत राहतात. जोडलेल्या गाडीत ही टोकं पॅनेलखाली लपलेली असतात.

दुसरा मुद्दा दमटपणाचा. इंजिन म्हणजे लोखंड-अ‍ॅल्युमिनियमचा जड गोळा. रात्रभर थंड होतं आणि सकाळी हवा ऊबदार, दमट झाली तरी ते बराच वेळ गारच राहतं. मग त्या हवेतली वाफ त्याच्यावर जमते. अशा सकाळी फिन्सच्या, म्हणजे इंजिनावरच्या पातळ पट्ट्यांच्या, मधे टॉर्च मारून पाहा, प्रत्येक फिनच्या खालच्या कडेला थेंबांची रांग लागलेली असते आणि बोट फिरवलं की ओघळ येतो. हा घाम छपराखालीही येतो, त्याबाबत भाबडेपणा नको. फरक एवढाच की छपराखाली वारा खेळतो आणि दुपारपर्यंत सगळं सुकतं. कव्हरखाली तोच ओलावा तिथेच फिरत राहतो, वर जमिनीतून येणाऱ्या वाफेची भर. ‘हवा खेळती राहणारी’ म्हणून विकली जाणारी कव्हरं थोडी बरी असतात, पण तीही ओली झाली की फारशी श्वास घेत नाहीत, असा माझा अनुभव. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यात कामाच्या. कव्हरखाली त्या लवकरच भरून जातात.

छपराचा आणखी एक फायदा चटकन लक्षात येत नाही. निरभ्र रात्री आकाशाकडे उघडी असलेली वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते, म्हणून दव तिच्यावर आधी पडतं. मधे ताडपत्री असली की ते दव ताडपत्रीवर पडतं, गाडीवर नाही.

अर्थात छप्पर म्हणजे काम आहे. उतार नीट हवा, नाहीतर तीच झोळी आता डोक्यावर. बर्फ पडत असेल तर उतार आणखी तीव्र ठेवा आणि साचलेला बर्फ वेळच्या वेळी खालून ढकलून पाडा. ताडपत्री सुतळीने घट्ट बांधली की झोताबरोबर छिद्रांच्या रिंगा उपटून येतात. तिथे ताणणारे रबरी पट्टे वापरले तर त्या टिकतात. वाऱ्याच्या बाजूला एक पडदा गुडघ्यापर्यंत खाली आणा, बाकीच्या बाजू मोकळ्या. खाली जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर प्लायवूड टाकलं की जमिनीची ओल अडते आणि जॅकही रुतत नाही. पुढचं चाक नसलेली गाडी जॅकवर असताना कव्हर घातलं तर वारा त्याला शिडासारखा धरतो. छपराखाली निदान ती भीती नाही, पण सांगाडा मात्र जमिनीला पक्का जखडलेला हवा.

काही गोष्टी दोन्हींत सारख्याच कराव्या लागतात. बॅटरी घरात आणा. पूर्ण चार्ज असलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांत गोठून फुटू शकते. टाकी आणि कार्बोरेटरही आतच, पण आधी दोन्ही रिकामे करून. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि घरात पेट्रोलची वाफ नकोच. टाकीत आतून तेलाचा हात फिरवा. स्पार्क प्लगच्या भोकात जुना प्लग बसवा. इनटेक आणि एक्झॉस्टच्या तोंडात तेलात भिजवलेलं लाल फडकं कोंबा, त्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा, म्हणजे चालू करताना विसरणार नाही. कोरडं फडकं नको, ते ओल धरून ठेवतं; आणि उघडं तोंड म्हणजे उंदराला आमंत्रण. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) काढलेला असेल तर पॅडच्या मधे लाकडी फाचर घाला. सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडं असेल तर मात्र ना कव्हर पुरेल ना छप्पर: जुन्या गॅस्केटवर (मधल्या सीलवर) हेड तात्पुरतं बसवून टाका.

जागाच नसेल किंवा घरमालक सांगाडा उभा करू देत नसेल, तर कव्हर घ्या, टब बांधा आणि पाऊस थांबला की आधी झोळी उपसा. सांगाड्याला जागा मिळत असेल तर मी दुसरा विचार करणार नाही. छपराखाली गाडी सगळ्यांना दिसते हे खरं, म्हणून छोटे भाग आत आणा आणि कुलपाची साखळी चेसिसच्या नळीतून घाला. चाकातून घातली तर चोराला फक्त एक्सल काढावा लागतो.