कच्च्या फील्डरसाठी रिबाउंड नेट आणि रिअ‍ॅक्शन बॉल: चार महिने वापरून काय वाटलं

आधी सांगतो हा रिव्ह्यू कोणासाठी आहे. ज्यांना टीममध्ये बॅटिंगमुळे नाहीतर बॉलिंगमुळे घेतात आणि फील्डिंगला उभं राहिलं की मनात "देवा, बॉल माझ्याकडे नको येऊ दे" सुरू होतं, त्यांच्यासाठी. मी त्यातलाच. मीडियम पेस टाकतो, लाइन बरी आहे, पण स्पेल संपला की कॅप्टन (वयाने माझ्यापेक्षा बराच लहान) म्हणणार "दादा, तू फाइन लेगला जा" (कीपरच्या मागे, लांब बाउंड्रीजवळ), आणि ओव्हर बदलली की पलीकडे तसाच कुठला तरी कोपरा. लहानपणी खेळात कच्चं लिंबू असायचं ना, खेळात असतं पण त्याच्यावर राज्य येत नाही, अगदी तसं वाटायचं.

मागच्या सीझनला मिडऑनला थेट छातीवर आलेला कॅच माझ्या हातातून सुटला आणि ज्याचा सुटला त्यानेच शेवटपर्यंत उभं राहून मॅच काढली. मॅच संपल्यावर कोणी एका शब्दानेही बोललं नाही आणि तेच जास्त लागलं. त्याच आठवड्यात हा सेट मागवला.

सेटमध्ये काय येतं तर साधारण मीटरभर उंच-रुंद लोखंडी फ्रेम, तिला इलॅस्टिकच्या दोऱ्यांनी ताणून बांधलेली जाळी (बॉल मारला की परत आपल्याकडे उडवणारी), मागे अँगल बदलायला स्टँड, जमिनीत ठोकायच्या खुंट्या आणि एक रिअ‍ॅक्शन बॉल, म्हणजे टेंगळं आलेला रबरी बॉल, जो टप्पा पडल्यावर कुठे उडेल ते कोणालाच सांगता येत नाही. जोडायला पहिल्यांदा पाऊण तास लागला, इलॅस्टिक ताणून हुकात अडकवताना बोटं लाल होतात, दोघं असाल तर काम सोपं होतं.

आता मुद्द्याचं. यानं फील्डिंग सुधारते का? माझी सुधारली. पण कशी सुधारली ते नीट सांगितल्याशिवाय "घ्या, मस्त आहे" म्हणण्यात अर्थ नाही.

पहिले दहा-बारा दिवस काहीच फरक नव्हता. नेटवर बॉल मारायचा, परत येतो, निम्मे हातात बसतात, निम्मे पडतात. मग मित्राने मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला आणि ते बघून मी हबकलोच. बॉल हातात पडायच्या अगदी आधी माझं डोकं किंचित डावीकडे वळत होतं आणि डोळे बंद! प्रत्येक वेळी! म्हणजे इतकी वर्षं मी शेवटचा हातभर अंतर बॉल न बघताच कॅच घेत होतो आणि लोक म्हणायचे याचे हात खराब आहेत. हात खराब नव्हतेच, भीती होती. कधीतरी शाळेत असताना लेदर बॉल तोंडावर बसला होता, तेव्हापासून ती मानेत जाऊन बसली असणार असं मला वाटतं.

त्यावर उपाय असा केला, टेनिस बॉलवर मार्करने तीन रंगांचे मोठे ठिपके काढले, नेटवर मारायचा आणि हातात यायच्या आधी समोर दिसलेला रंग मोठ्याने बोलायचा. कॅच सुटला तरी चालेल, रंग चुकता कामा नये. सुरुवातीला नुसता अंदाजपंचे चाललं होतं, पण तिसऱ्या आठवड्यात लाल-निळा खरंच दिसायला लागला आणि गंमत म्हणजे त्यानंतर कॅचकडे वेगळं लक्ष द्यावंच लागलं नाही, डोळे उघडे राहिले की हात आपोआप जागेवर जातात. या सेटमधून मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि ती डब्यावर कुठेही लिहिलेली नाही.

नेटचा खरा फायदा म्हणजे चुका फुकट होतात. मॅचमध्ये सगळं मिळून दोन, फार तर तीन कॅच येतात आणि त्यातला एक सुटला की आठवडाभर डोक्यात फिरतो. इथे अर्ध्या तासात दीडशे बॉल अंगावर येतात, चाळीस सुटले तरी बघायला कोणी नाही. कच्च्या फील्डरला प्रॅक्टिस मिळत नाही याचं मुख्य कारणच हे, त्याला लपवतात, लपवल्यामुळे बॉल येत नाही, बॉल येत नाही म्हणून तो आणखी कच्चा राहतो, आणि मग एखादा बॉल आलाच तर अंगाचं पाणी होतं.

लोक म्हणतात फील्डर जन्मावा लागतो आणि लगेच दक्षिण आफ्रिकेच्या जॉन्टी र्‍होड्सचं नाव घेतात. १९९२ च्या वर्ल्ड कपमध्ये इंझमामला रनआउट करताना स्टंपवर घेतलेली ती उडी, १९९३ मध्ये मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्ध एकाच वनडेत घेतलेले पाच कॅच, मान्य, ते सगळ्यांना नाही जमणार. पण द्रविड बघा की. तो काही हवेत झेपावणारा फील्डर म्हणून ओळखला जात नव्हता, तरी टेस्टमध्ये २१० कॅच, आणि २०२५ मध्ये जो रूटने मागे टाकेपर्यंत तोच विक्रम होता. स्लिपमध्ये, म्हणजे कीपरच्या शेजारी, तासन्‌तास उभं राहून प्रत्येक बॉल आपल्याकडेच येणार असं धरून वाकायचं, ही सवय आहे, आणि सवय लावता येते. उलट दक्षिण आफ्रिकेचाच हर्शल गिब्ज त्या काळातल्या भारी फील्डर्सपैकी एक, पण १९९९ च्या वर्ल्ड कपमध्ये हेडिंग्लेला ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉचा हातात आलेला कॅच आनंदात वर उडवायच्या घाईत निसटला, तेव्हा वॉ ५६ वर होता, पुढे नाबाद १२० केले. म्हणजे बॉल हातात आल्यावर सुद्धा अर्धा सेकंद तो जपावा लागतो. आता नेटवर मी प्रत्येक कॅच घेऊन छातीशी आणतो, मनात एक म्हणतो, मगच पुढचा मारतो.

हातांबद्दल एक सांगायचंच आहे. नेटवरून बॉल जोरात येतो तेव्हा हात पुढे ताठ ठेवले की बॉल तळव्यावर आपटून बाहेर उडतो. कोपर सैल ठेवून बॉलबरोबर हात थोडे मागे घ्यायचे, छातीच्या खालचा बॉल असेल तर बोटं खाली, वरचा असेल तर बोटं वर. कोणीही सांगेल हे, पण शरीराला कळायला तीन-चारशे कॅच जावे लागतात. करंगळ्या एकमेकींना चिकटलेल्या असल्या पाहिजेत, माझ्या नव्हत्या, मधून बॉल आरपार जायचा.

रिअ‍ॅक्शन बॉल मला नेटपेक्षाही आवडला. भिंतीवर किंवा सिमेंटवर टाकायचा, तो डावी-उजवी कुठेही उडतो, आणि टाचांवर उभं राहिलात तर एकही सापडत नाही. चवड्यावर वजन, गुडघे वाकलेले, हात खाली जमिनीजवळ, बॉल आदळायच्या क्षणी छोटीशी हालचाल, ही सवय त्यानेच लावली. आधी मी बॉलर धावत येताना पुतळ्यासारखा उभा असायचो, आता त्याच्याबरोबर चार पावलं पुढे चालत येतो. ग्राउंड फील्डिंगमध्ये सगळ्यात मोठा फरक यामुळे पडला, दोन रनांचे एक रन व्हायला लागले.

आता जे होत नाही ते. उंच कॅचसाठी नेटचा काडीचा उपयोग नाही. आभाळात गेलेल्या बॉलखाली कुठे जाऊन उभं राहायचं हे कोणीतरी बॅटने वर मारून दिल्याशिवाय येत नाही, आणि त्यात पहिलं पाऊल पुढे टाकायची खोड मला अजून पूर्ण गेलेली नाही, बॉल डोक्यावरून जातो. थ्रोसाठीही उपयोग नाही. माझा हात मुळातच जोरदार नाही, बाउंड्रीवरून थेट कीपरच्या हातात थ्रो मला कधी जमेल असं वाटत नाही, म्हणून मी एका टप्प्यात देतो. म्हणजे सुधारणेला मर्यादा आहेत, वेग आणि हाताचा जोर थोडाच वाढतो, पण पकड आणि अडवणं खूप वाढतं, आणि आपल्या लेव्हलच्या क्रिकेटमध्ये मॅच जातात त्या बहुतेक पकडीवरच.

मालाबद्दल तक्रारी आहेत. खालच्या बाजूची दोन इलॅस्टिकं दीड महिन्यात तुटली, विकणाऱ्याने मेसेजला उत्तर द्यायलाच नऊ दिवस लावले, शेवटी मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बांधल्या आणि त्या मूळ इलॅस्टिकपेक्षा मजबूत निघाल्या. खुंट्या भुसभुशीत मातीत उपटतात, फ्रेमच्या मागच्या पायावर वाळूची पिशवी ठेवावी लागते. स्टँडचा अँगल बदलायचा खटका कडक आहे, त्यात बोट चिमटतं, लहान मुलांना हात लावू देऊ नका. या तिन्ही गोष्टींसाठी एक स्टार कापतोय.

मॅचमध्ये काय झालं ते सांगतो. दोन महिने झाल्यावर मी कॅप्टनला म्हटलं मला कव्हरला उभं कर, म्हणजे ऑफ साइडला पुढे, जिथे जोरदार फटके येतात. तो म्हणाला "दादा, नक्की ना?" मी म्हटलं नक्की. आणि चौथ्याच ओव्हरला कॅच आला आणि सुटला. पण सुटल्यावर मला काय वाटलं हे महत्त्वाचं आहे, मला दिसलं होतं की बॉल बोटांच्या टोकाला लागला, हात उशिरा खाली गेले. आधी मला फक्त सुटला एवढंच कळायचं, का सुटला ते कधीच नाही. तेव्हा मला इंग्लंडचा बॉलर मॉन्टी पनेसर आठवला, २००६ ची मुंबई टेस्ट, धोनीचा उंच उडालेला कॅच त्याने इतका वाईट सोडला की अख्खं स्टेडियम हसलं, आणि थोड्याच बॉलनंतर धोनीने पुन्हा तिकडेच उडवला आणि पनेसरने तो घेतला. पहिला सुटल्यावर हा माणूस दुसऱ्याखाली गेला कसा असेल, याचा मी आधी कधी विचारच केला नव्हता. माझ्याकडे त्या दिवशी दुसरा कॅच आला नाही. पण बॉल यावा असं वाटत होतं, क्रिकेट खेळायला लागल्यापासून पहिल्यांदा. तीन-चार जोरदार फटके अडवले, कॅप्टनने शेवटपर्यंत कव्हरवरून हलवलं नाही. कॅच त्याच्या पुढच्या मॅचला मिळाला, गुडघ्याच्या उंचीवर, उजवीकडे.

कॉन्फिडन्स आधी की प्रॅक्टिस आधी असं विचाराल तर माझ्या बाबतीत प्रॅक्टिस आधी, नुसतं "बिनधास्त राहा रे" म्हणून कोणी बिनधास्त होत नाही. पण एक मात्र खरं, कॅप्टनने तो सुटलेला कॅच बघून मला परत फाइन लेगला पाठवलं असतं तर दोन महिन्यांची मेहनत तिथेच गेली असती. तेव्हा तुम्ही कॅप्टन असाल तर नेट टीमसाठी घ्या, आणि जो मेहनत घेतोय त्याला सुटल्यावरही तिथेच ठेवा.

पाच पैकी चार स्टार. घेतलात तर पहिले तीन आठवडे टेनिस बॉलच वापरा, लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, टेनिस बॉलच्या जवळजवळ पावणेतीन पट, बोट मोडून बसाल तर भीती आणखी वाढेल. आणि जोडीला कोणी असेल तर त्याला तुमच्या मागे उभं करून नेटवर बॉल मारायला सांगा, तो कधी आणि कुठे मारणार ते दिसत नाही. एकट्याने मारून घेण्यापेक्षा ते दुप्पट अवघड जातं.