विलोचं बोन्साय, मुलुंडच्या गॅलरीत : १४ महिन्यांचा अनुभव

नवशिक्याने बोन्साय विलोपासून, म्हणजे लोंबत्या फांद्यांच्या त्या नदीकाठच्या झाडापासून सुरू करावं, काडी खोचली की रुजते, असं मला तिघांनी सांगितलं होतं. तिघांपैकी एकानेही मुंबईत विलो वाढवलेला नव्हता, हे मला नंतर कळलं. काडी रुजते हे खरंच आहे. रुजल्यानंतर काय होतं, ते लिहायला बसलेय.

आधी माझी जागा सांगते. मुलुंड पूर्व, तिसरा मजला, पश्चिमेची गॅलरी, ग्रीलच्या पुढे आलेल्या भागात सव्वा फूट रुंदी. ऊन दुपारी एकनंतर येतं आणि मावळेपर्यंत जागचं हलत नाही. बोन्सायचा पूर्वानुभव म्हणजे एक वड, तोही भेट आलेला आणि माझ्या अज्ञानाला न जुमानता तगलेला.

खरं तर विलोची ही माझी दुसरी खेप. पहिल्यांदा हायवेलगतच्या एका नर्सरीतून ४५० रुपयांना ‘विपिंग विलो’ आणला होता. फांद्या लोंबत्या, पानं लांबट निमुळती, मी खूश. पाच महिन्यांनी त्याला लाल ब्रश आले. लोंबता बॉटलब्रश! ऑस्ट्रेलियाचं झाड, विलोशी सुतराम संबंध नाही. मी तक्रार घेऊन गेले तर नर्सरीवाला म्हणाला, “मॅडम, लटकतंय ना? मग विलोच.” तेव्हा विकत घेणार असाल तर एक पान चुरगळून नाकाशी न्या. औषधासारखा उग्र वास आला तर तो बॉटलब्रश. विलोच्या पानाला तसा वास नसतो, कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात आणि मागची बाजू फिकट असते. आपण फसलो याचं फार वाईट वाटून घेऊ नका. या झाडाचं शास्त्रीय नावच चुकीच्या ओळखीतून पडलंय. बायबलातल्या बॅबिलोनच्या नदीकाठची झाडं ती हीच, असं समजून लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला सॅलिक्स बॅबिलोनिका म्हटलं. प्रत्यक्षात झाड चीनचं, आणि ती नदीकाठची झाडं बहुधा पॉप्लर या दुसऱ्याच झाडाच्या जातीची होती.

खऱ्या विलोच्या काड्या आतेभावाने मार्चच्या सुरुवातीला मनालीहून आणल्या. तिकडे याला मजनूचं झाड म्हणतात. नऊ काड्या, ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या, वर प्लास्टिक. झाड थंडीत निष्पर्ण असताना तोडल्या होत्या, त्यामुळे तीन दिवसांच्या प्रवासातही सुकल्या नाहीत. आठ काड्या पेन्सिलीएवढ्या होत्या आणि एक चांगली अंगठ्याच्या दुप्पट जाड. ती त्याने “तुला काठी म्हणून होईल” असं म्हणत दिली होती. आज माझ्याकडे झाड म्हणण्यासारखं जे आहे, ते त्या काठीचं आहे.

सहाव्या दिवशी बादलीतल्या काड्यांच्या सालीवर पांढरे ठिपके उठले, बाराव्या दिवशी मुळं फुटली. नवापैकी आठ रुजल्या. इथे माझी पहिली चूक झाली. मुळं चांगली चार बोटं लांब होईपर्यंत मी काड्या पाण्यातच ठेवल्या, कारण काचेच्या बरणीत ती बघायला छान वाटत होती. पाण्यात वाढलेली मुळं फार ठिसूळ असतात. कुंडीत लावताना निम्मी तुटली आणि दोन काड्या गेल्या. आता मी काडी सरळ ओल्या, जाडसर वाळूत खोचते. मुळं दिसत नाहीत, पण तुटतही नाहीत.

जाड काडीबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण विलोचा खरा फायदा तिथे आहे. वडाचं किंवा चिंचेचं बोन्साय करताना खोड जाड व्हायला वर्षं लागतात. विलोचं तसं नाही. जाड फांदीसुद्धा रुजते, म्हणजे पहिल्याच दिवशी तयार खोड हातात. अडचण एवढीच की ती नुसती काठी असते, वर जाताना निमुळती होत नाही, म्हणून खांबावर पालवी फुटल्यासारखी दिसते. मी ती आठ इंचांवर तिरकी कापली, शेंड्याजवळची एक फुटी वर चढवली आणि तिलाच पुढचं खोड मानलं. जोड अजून दिसतो. कापलेल्या जागेला मेण लावलं होतं, तरी तिथलं लाकूड आत थोडं कुजलंय. विलोचं लाकूड मऊ, मोठी जखम लवकर भरत नाही. मोठा काप घ्यायचा तर समोरून दिसणार नाही अशा बाजूला घ्यावा, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

सासूबाईंचा विरोध दोन मुद्द्यांवर होता. एक, बोन्साय घरात ठेवलं की घराची वाढ खुंटते. दोन, हे तर नावातच रडणारं झाड. “दारात रडकं झाड कशाला गं?” मी म्हटलं, “आई, दारात नाही, गॅलरीत आहे.” हे उत्तर त्यांना पटलं नाही.

आता पाणी. बोन्सायच्या मातीत पाणी थांबू देऊ नका, हे आपण पहिल्या दिवसापासून ऐकतो. विलो मात्र नदीकाठचा गडी. विटांचे चाळलेले तुकडे दोन भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, शेणखत एक भाग अशी माती केली, तरी मे महिन्यात दुपारी चारला पानं माना टाकायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी घालून मी कंटाळले. मग जाणकारांचा नेहमीचा उपाय केला : कुंडी पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवली. झाड दोन दिवसांत टवटवीत झालं. आठव्या दिवशी डास तपासायला आलेल्या पालिकेच्या माणसाने ट्रेमध्ये टॉर्च मारून मला वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या आणि ट्रे माझ्यासमोर ओतून दिला. त्याचं बरोबरच होतं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि मी तो ट्रे आठवडाभर हलवला नव्हता. घरात लहान मूल आहे, माझी मान खाली गेली.

त्यानंतर बऱ्याच खटपटींनी जमलेली पद्धत अशी : खोलगट ट्रे जाड वाळूने काठोकाठ भरायचा, त्यावर कुंडी, आणि पाणी वाळूच्या पृष्ठभागाच्या बोटभर खालीच ठेवायचं. उघडं पाणी दिसत नाही, त्यामुळे डासांना अंडी घालायला जागा नाही. शिवाय दर रविवारी ट्रे रिकामा करून वाळू उन्हात पसरते. पावसाळ्यात ट्रे काढूनच टाकते. मुंबईत विलो लावणाऱ्याने या लेखातलं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, हा परिच्छेद वाचावा.

जूनमध्ये पाऊस लागला आणि झाड सुसाट सुटलं. दहा दिवसांत वीतभर वाढ. याच काळात मी तार गुंडाळायला शिकले. लोहार चाळीतून अॅल्युमिनियमची तार वजनावर आणली, दीड आणि दोन मिलिमीटरची. साधारण नियम असा की तार फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश असावी आणि वेढे ४५ अंशांत बसावेत. नियम जमला, पण नजर जमली नाही. विलो म्हणजे लोंबणारा, म्हणून मी प्रत्येक फांदी खोडापासून थेट खाली वाकवली. दिसायला लागला ओला झाडू उलटा धरल्यासारखा. मग नदीकाठच्या मोठ्या झाडांचे फोटो नीट पाहिले. फांदी आधी वर उठते, बाहेर झेपावते आणि मग स्वतःच्या वजनाने खाली येते, कारंज्यासारखी. लहान झाडात फांदीला ते वजनच नसतं. कोवळी फुटी सरळ आकाशाकडे जाते. म्हणून तारेने आधी वर, मग वळण, मग खाली. फांदीच्या पोटाशी फुटलेले डोळे काढायचे आणि पाठीवरचे ठेवायचे, म्हणजे पुढच्या कारंज्याचा उगम मिळतो. हे कळायला मला दोन महिने आणि चार फांद्या लागल्या.

फांद्या का गेल्या तेही सांगते. विलोची कोवळी काडी कशीही वाकते, त्यावर विश्वास ठेवून आपण जोर लावतो आणि ती खोडाच्या सांध्यातून टचकन निसटते. वाकवताना सांधा दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबून धरायचा. दुसरं, तार विसरायची नाही. वडावर मी तार चार महिने ठेवली होती, काही झालं नाही. इथे एकोणिसाव्या दिवशी तार सालीत रुतली होती. त्या खुणा अजून आहेत, जिलबीच्या वेढ्यांसारख्या. पावसाळ्यात दर आठवड्याला बघा, आणि तार उलगडू नका, कापा.

शेजारच्या मुलाने एकदा विचारलं, “काकू, याची बॅट होईल?” शिवाजी पार्कात काश्मीर विलोच्या बॅटने खेळून आलेल्या पोराला हा प्रश्न पडणारच. बॅटचा विलो वेगळ्या जातीचा, सॅलिक्स अल्बा, सरळसोट वाढणारा. माझ्याकडच्या लाकडाचा दात कोरायला उपयोग होईल, असं मी त्याला सांगितलं.

ऑगस्टमध्ये पानांवर पिवळे-तपकिरी ठिपके आले. खालची पानं काढून टाकली, कुंडी ग्रीलच्या टोकाला सरकवली, वारा मिळाल्यावर कमी झाले. पिठ्या ढेकूण मात्र दोनदा आला. साबणाचं पाणी आणि कडुनिंबाचं तेल, संध्याकाळी, तीन वेळा. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

दिवाळीनंतर डावीकडची सगळ्यात सुंदर फांदी, जिच्यामुळे झाडाला तोल होता, एका आठवड्यात वाळली. पाणी होतं, कीड नव्हती, मुळंही ठीक होती. वाचत गेले तसं कळलं की विलोची ही सवयच आहे. फांदी टाकायची झाली की टाकतो, कारण सांगत नाही. म्हणून अनुभवी लोक विलोवर गरजेपेक्षा दोन फांद्या जास्त राखतात. एकाच फांदीवर सगळी रचना उभी करणाऱ्याला हे झाड रडवतं. नाव सार्थ आहे म्हणायचं.

आणि मग थंडी, म्हणजे आपल्याकडे जिला थंडी म्हणतात ती. थंड प्रदेशातलं हे झाड हिवाळ्यात पानं गाळून झोपतं आणि वसंतात ताकदीने उठतं. मुंबईत जानेवारीतली सरासरी पहाट १६-१७ अंशांची. १९६२च्या जानेवारीत पारा ७.४ पर्यंत उतरला होता, तो आजवरचा नीचांक. माझ्या विलोने अर्धी पानं पिवळी केली, अर्धी हिरवीच ठेवली आणि डिसेंबरातच दोऱ्यासारख्या बारीक फुटी काढल्या. रात्रभर जागरण झालेल्या माणसासारखी त्याची दशा होती. विश्रांती मिळावी म्हणून मी हाताने सगळी पानं काढली. नवव्या दिवशी परत पालवी. झोपायला तयारच नाही. फेब्रुवारीत कुंडी बदलली, मुळांचा गुंता खराट्यासारखा कुंडीच्या भोकातून बाहेर आला होता. दोन तृतीयांश मुळं कापली, त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. पण यंदाची वाढ गेल्या वर्षीइतकी नाही, पानंही लहान आहेत. बोन्सायला लहान पान चांगलंच, पण ही लहानगी पानं माझ्या हातच्या कौशल्याने आलेली नाहीत, दमणुकीची आहेत. अजून दोन-तीन बिनथंडीची वर्षं ते काढेल असं मला वाटत नाही.

राणीच्या बागेतल्या पालिकेच्या प्रदर्शनात मी या वर्षी मुद्दाम बोन्साय बघत फिरले. वड, पिंपळ, उंबर, चिंच, बोगनवेल. विलो एकही दिसला नाही. बघणाऱ्याला यातून काय कळायचं ते कळतं.

पण आपल्याकडे आपला विलो आहे, हे मला वर्षभराने कळलं. वाळुंज, सॅलिक्स टेट्रास्पर्मा. सह्याद्रीत ओढ्या-नद्यांच्या काठी उभा असतो. भोरजवळच्या मावशीच्या गावी ओढ्यावर सगळे त्याला ओळखतात, फक्त त्याला विलो म्हणतात हे कुणाला माहीत नव्हतं. मावशी म्हणाली, “मुंबईहून काय वाळुंजाच्या काड्या न्यायला आलीस?” नोव्हेंबरात दोन आणल्या, दोन्ही रुजल्या. तो लोंबत नाही, तेवढ्या वेगाने वाढतही नाही, पण उन्हाची तक्रार नाही आणि पानांची मागची बाजू वाऱ्यात रुपेरी चमकते. सहाच महिने झालेत, त्यामुळे छातीठोकपणे काही बोलत नाही, पण तार त्याच्यावर चढवलीय.

कुणाला विलोची नुसती नजाकत हवी असेल, रोजची काळजी नको असेल, तर विलोसारख्या अरुंद पानांचा फायकस, म्हणजे वड-पिंपळाच्या कुळातलं झाड, घ्या. पान तोडल्यावर चीक आला नाही, तर तो फायकस नव्हे. मुंबईची हवा त्याला मानवते आणि छाटणीची चूक तो माफ करतो. हात शिकवायचा असेल, चुकांचं फळ वर्षांत नाही तर आठवड्यांत बघायचं असेल, तर मात्र मनालीवालाच. वडावर मी तीन वर्षांत तारेबद्दल जे शिकले नसते, ते याने एका पावसाळ्यात शिकवलं. एकूण खर्च, तार-माती-ट्रे-कात्री धरून, २,३०० रुपयांच्या आसपास. बॉटलब्रशचे ४५० वेगळे. तो बॉटलब्रश सोसायटीच्या कंपाउंडमध्ये लावलाय, मस्त आहे.

सासूबाई हल्ली दुपारी मनालीच्या विलोशेजारी खुर्ची टाकून बसतात. परवा म्हणाल्या, “याचे केस फार वाढलेत, काप.” कापले. त्यामुळे सध्या बादलीत चौदा काड्या आहेत, त्यातल्या सहा जाड. छाटणी दर तीन आठवड्यांनी होते आणि गॅलरी माझी सव्वा फुटाचीच आहे. ओळखीतल्या कुणाला हव्या असतील त्याने ओला टॉवेल घेऊन यावं, आणि येण्याआधी घरी वाळू भरलेला ट्रे तयार ठेवावा.