‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आणि कोर्टाबाहेरचा मिटवून देणारा

मेसेज पाठवणारा नंबर ओळखीचाच असतो. गावच्या ग्रुपमधला, भाच्याचा, नाहीतर डेअरीवाल्याचा. मजकूर साधारण असा: ‘आपल्या वाहनाने वाहतूक नियमाचा भंग केला आहे. दंड 500 रुपये. पुरावा पाहण्यासाठी खालील फाइल उघडा. दंड न भरल्यास परवाना निलंबित होईल.’ खाली ‘आरटीओ चलान’ किंवा ‘एम परिवहन’ नावाची फाइल. आपल्याकडच्या माणसाला हे खोटं वाटत नाही, कारण बीडची एमएच 23 असो की नांदेडची एमएच 26, गाडी कधी ना कधी पुण्याला जाऊन आलेली असते. जालन्या-संभाजीनगरकडचे लोक समृद्धीवरून जातात, तिथं कॅमेरे आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. हेल्मेटचा दंड 500 आहे हेही माहीत असतं. म्हणून माणूस ‘बघू तरी कुठलं आहे’ म्हणून बोट लावतो. फसवणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

बोट लावण्याआधी त्या फाइलच्या नावाखाली बघा. तिथं बारीक अक्षरांत फाइलचा आकार आणि प्रकार लिहिलेला असतो. पीडीएफ असेल तर पीडीएफ, फोटो असेल तर जेपीजी. इथं मात्र ‘एपीके’ अशी अक्षरं असतात. एपीके म्हणजे कागद नव्हे, फोटोही नव्हे. ते मोबाइलमध्ये बसवायचं ॲप असतं. कुठलंही सरकारी चलान ॲपच्या रूपात व्हॉट्सॲपवर येत नाही. या एका गोष्टीत शंकेला जागा नाही.

फाइल उघडली की फोन स्वतःच अडवतो: ‘या स्रोतावरून ॲप बसवायला परवानगी नाही.’ खाली सेटिंगचं बटण असतं, आणि घाईतला माणूस ते चालू करतो. कधी ‘प्ले प्रोटेक्ट’ या फोनमधल्या सुरक्षा तपासणीची लाल सूचना येते, तीही ‘तरीही बसवा’ म्हणून ओलांडली जाते. मग ॲप परवानग्या मागतं: एसएमएस वाचू द्या, कॉन्टॅक्ट बघू द्या, फोन करू द्या, नोटिफिकेशन वाचू द्या. काही ॲप तर स्वतःलाच एसएमएसचं मुख्य ॲप करायला सांगतात. शेवटी अशोकस्तंभ असलेलं एक पान दिसतं आणि पडताळणीसाठी 1 रुपया भरायला सांगतं. तिथं कार्डचा नंबर, मागचे तीन अंक, नाहीतर यूपीआयचा पिन टाकला की तो जसाच्या तसा चोराकडे पोचतो. पान मग गोल फिरत राहतं, काही होत नाही. बऱ्याचदा ॲपचं चिन्हही स्क्रीनवरून गायब होतं. माणसाला वाटतं, फाइल खराब होती.

यानंतर पैसे जातात आणि बँकेत सगळे एकच वाक्य बोलतात: ‘साहेब, मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही.’ ते खरंच असतं. सांगायची गरजच राहिलेली नसते. ओटीपी फोनवर येतो आणि ॲप तो परस्पर पुढं पाठवतं. म्हणूनच ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ एवढीच शिकवण इथं तोकडी पडते. सोयाबीनची पट्टी नुकतीच जमा झालेली असेल, उसाचं बिल आलेलं असेल, तर शिल्लक एका झटक्यात साफ होते. खात्याला ऑनलाइन मुदत ठेव जोडलेली असेल तर तीही मोडली जाऊ शकते. वर तुमच्याच व्हॉट्सॲपवरून तीच फाइल तुमच्या सगळ्या ग्रुपवर जाते. भाच्याच्या नंबरावरून तुम्हाला आली ती अशीच. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. त्याला फोन करून सांगा, मेसेज करून नव्हे.

फाइल बसवली गेली असेल तर आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद करा. सिमकार्ड काढलंत तर उत्तमच, पुढचा ओटीपी त्या फोनवर येणार नाही. मग दुसऱ्या कुणाच्या फोनवरून 1930 लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसानं बँकेच्या पासबुकावर किंवा कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरावर फोन करून खातं, कार्ड आणि यूपीआय बंद करून घ्यावं. 1930 वर बँकेचं नाव, खाते क्रमांक, किती रुपये, किती वाजता आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक विचारतात. यूपीआयचा संदर्भ क्रमांक 12 अंकी असतो. हे कागदावर लिहून मगच फोन लावा, म्हणजे गडबड होत नाही. इथं मिनिटं मोजायची असतात, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवला जातो. वाटेत जिथं सापडेल तिथंच तो गोठवता येतो. एकदा एटीएममधून रोख निघाली की हात बांधले जातात. ‘सकाळी शाखेत जाऊन बघू’ म्हणणारे इथंच गमावतात. तक्रार क्रमांक मिळाल्यावर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर सविस्तर तक्रार भरा आणि तिची प्रत बँकेला लेखी द्या. पोच शिक्क्यासह घ्या.

बँकेला लेखी देण्याला कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशा व्यवहारात ग्राहकानं 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर भार येत नाही. ग्राहकानं स्वतः पिन वगैरे दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे दोन्ही बाबतीत कळवल्याची वेळ हाच तुमचा पुरावा. तोंडी सांगून घरी येऊ नका.

फोन लगेच पुन्हा वापरायला घेऊ नका. कॉल दुसरीकडे वळवलेत का ते *#21# लावून कळतं, ##002# लावलं की वळवलेले सगळे कॉल रद्द होतात. त्यासाठी सिम दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालावं. व्हॉट्सॲपमधली जोडलेली उपकरणं काढून टाका. चिन्ह दिसत नसलं तरी सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत ते ॲप असतं. काढताना ‘काढता येत नाही’ असं आलं तर त्यानं उपकरण प्रशासकाचा (डिव्हाइस ॲडमिन) हक्क घेतलेला असतो. तो सुरक्षेच्या सेटिंगमधून आधी काढावा लागतो. तक्रारीसाठी त्या मेसेजचा, नंबरचा आणि फाइलच्या नावाचा दुसऱ्या फोननं फोटो घ्या, मगच फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करा. आमच्या मते पुसणं हाच खात्रीचा इलाज. नुसतं ॲप काढून निर्धास्त होऊ नये.

दुसरा प्रकार फाइलचा नसून लिंकचा. दिसायला हुबेहूब सरकारी पान. खरा पत्ता ईचलान डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन असा आहे. खोट्यात मधलं ‘जीओव्ही’ गायब असतं आणि परिवहननंतर थेट ‘डॉट इन’ येतं. घाईत डोळा ‘परिवहन’ वाचतो आणि पुढं सरकतो. पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा: सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन रेघा सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असलंच पाहिजे. पुढं काय लिहिलंय त्याला महत्त्व नाही. पाठवणाराही बघा. सरकारी एसएमएस 10 अंकी मोबाइल नंबरावरून येत नाही, तो इंग्रजी अक्षरांच्या नावानं येतो.

आता खरं चलान बघायचं कसं. मेसेज खरा असो की खोटा, त्यातल्या लिंकला हात न लावता स्वतः बघायला जा. महाराष्ट्र पोलिसांची साइट आहे महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन, चलान लिहिताना इंग्रजी ‘एल’ दोनदा. ‘महाट्रॅफिक’ हे ॲपही आहे, ते प्ले स्टोअरवरूनच घ्या. गाडीचा नंबर टाका, मध्ये जागा न सोडता, आणि आरसीवर असलेल्या चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे 4 अंक टाका. फसवणारा तुमच्या गाडीचा नंबर सांगतो तेव्हा माणूस दबकतो, पण तो नंबर पाटीवर सगळ्या जगाला दिसतो. चेसिस नंबर आरसीवर असतो, म्हणून आरसीचा फोटो ग्रुपवर टाकू नये.

खऱ्या चलानात तारीख, वेळ, ठिकाण, कुठल्या नियमाचा भंग आणि बहुतेकदा गाडीचा फोटो असतो. तो फोटो मोठा करून बघाच. नंबर तुमचा पण गाडी वेगळी, असं निघतं. नंबरातला एखादा अंक चुकीचा वाचलेला असतो, क्वचित कुणी तुमचाच नंबर लावून फिरत असतो. असं असेल तर पैसे भरू नका, साइटवरून किंवा ॲपवरून तक्रार नोंदवा आणि आपल्या गाडीचा पुढून-मागून फोटो जोडा. अंक चुकीचा वाचलेला असेल तर तेवढ्यानं भागतं. कुणी तुमचा नंबर लावून फिरत असेल तर पोलिस ठाण्यात अर्ज द्यायलाच हवा, कारण उद्या त्या गाडीनं अपघात केला तर दारात तुमच्या येतील. इतर राज्यात गेलेल्या गाडीचं चलान वर सांगितलेल्या परिवहनच्या साइटवर दिसतं. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेल्या ट्रॅक्टर-ट्रकवाल्यांनी दोन्ही साइट बघाव्यात.

न भरलेलं चलान कोर्टात जाऊ शकतं आणि इथं धमकीचा तिसरा प्रकार सुरू होतो. फोन येतो: ‘तुमच्या नावानं वॉरंट निघालंय, आत्ता 2,000 भरले तर रद्द करतो.’ वॉरंट फोनवर पैसे घेऊन रद्द होत नाही, ते कोर्टच रद्द करतं. आणि खटला आहे की नाही हे घरबसल्या कळतं. ईकोर्ट्सच्या साइटवर किंवा ॲपवर जिल्हा न्यायालय निवडा, राज्य, जिल्हा, मग न्यायालय संकुल. फोन करणाऱ्याला सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, मागा. तो 16 अक्षर-अंकांचा असतो: आधी 4 अक्षरं, त्यातली पहिली दोन आपल्याकडे एमएच, आणि शेवटचे 4 अंक वर्ष. खोटारडा इथंच फोन ठेवतो.

नंबर नसेल तर पक्षकाराच्या नावानं शोधता येतं, पण नाव इंग्रजीत असतं आणि स्पेलिंगमध्ये माणसं अडकतात. ज्ञानेश्वर ‘डी’नं सुरू होतो तसा ‘जी’नंही, शेख तर चार तऱ्हांनी लिहितात. म्हणून पूर्ण नाव न टाकता आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका, वर्ष बदलून बघा आणि प्रलंबित व निकाली दोन्ही तपासा. वाहतुकीची प्रकरणं बहुधा एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला या प्रकारात असतात. व्हर्च्युअल म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टात गेलेलं प्रकरण व्हीकोर्ट्स डॉट जीओव्ही डॉट इन वर चलान किंवा गाडीच्या नंबरावरून मिळतं. तिथं दंड मान्य करून भरता येतो किंवा ‘मला लढायचं आहे’ असा पर्याय घेता येतो. दुसरा पर्याय घेतला की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं, मग तारखेला हजर राहावं लागतं. दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण मात्र रस्त्यावर तडजोडीनं मिटत नाही, ते न्यायाधीशांपुढंच जातं. ते ‘वरच्यावर मिटवतो’ म्हणणारा सरळ खोटं बोलतोय.

हा मिटवणारा लोकअदालतीच्या आसपास जास्त दिसतो. कोर्टाच्या गेटबाहेर, झेरॉक्सच्या दुकानापाशी. तो आरसी मागतो, आपल्याच मोबाइलवर तुमची चलानं काढून दाखवतो. 9,000 निघाले तर ‘अर्ध्यात करून देतो, 4,500 रोख द्या’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर ‘भरले’ अशी पावती येते, जिच्यावर रक्कम आणि तारीख बदललेली असते. साइटवर चलान तसंच असतं. विचारलं तर ‘अपडेट व्हायला 15 दिवस लागतात’. 15 दिवसांनी नंबर बंद. कळतं ते गाडी विकताना, खरेदीदार थकीत चलानं बघतो तेव्हा. लोकअदालतीत शुल्क लागत नाही आणि तिथं किती कमी होणार हे पॅनेलपुढं ठरतं. बाहेरच्या कुणाला ते आधी सांगता येत नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्वतः जाऊन विचारा, नाहीतर 15100 वर फोन करा. पैसे ज्या दिवशी भराल त्याच दिवशी, तिथं उभं राहून, आपल्या फोनवर चलान ‘भरलेलं’ दिसतंय का बघा. रस्त्यावर दंड भरतानाही मशीनमधून निघालेली पावती घ्या. कुणा व्यक्तीच्या मोबाइल नंबरावर पाठवलेले पैसे म्हणजे दंड नव्हे.

शेवटची खोच पैसे अडकल्यावरची. खऱ्या साइटवर भरले, खात्यातून गेले, पण चलान थकीतच दिसतंय. असं होतं. लगेच दुसऱ्यांदा भरू नका आणि गूगलवर ‘चलान कस्टमर केअर’ शोधू तर मुळीच नका. तिथं वर दिसणारे नंबर कुणीही टाकलेले असतात. पलीकडचा माणूस ‘पैसे परत पाठवतो’ म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप बसवायला लावतो किंवा यूपीआयचा पिन टाकायला सांगतो. पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. साइटवरच अडकलेल्या व्यवहाराची स्थिती बघा, दोन-तीन दिवस थांबा. तरी नाही सुटलं तर बँकेच्या उताऱ्याची प्रत आणि संदर्भ क्रमांक घेऊन जिल्ह्याच्या वाहतूक शाखेत जा. आरसीची झेरॉक्स सोबत ठेवा, तिथं पहिल्यांदा तीच मागतात.