फूट ड्रॉपची स्प्लिंट, सात महिने वापरून: बुटाच्या नंबरावर घेऊ नका

फूट ड्रॉप म्हणजे पाऊल वर उचलता न येणं, ते लोंबतं. स्प्लिंट म्हणजे त्याला धरून ठेवणारा प्लास्टिकचा आधार. काल संध्याकाळी करी रोड स्टेशनच्या जिन्यावर माझ्या स्प्लिंटचा वरचा पट्टा सुटला. वेलक्रो ठीक होतं, शिवणच उसवली. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, "सर, सुटा पट्टा मिळत नाही, नवीन स्प्लिंट घ्यावी लागेल." ११५० रुपयांची वस्तू एका पट्ट्यासाठी टाकून द्यायची? स्टेशनबाहेरच्या चर्मकारदादांनी दुहेरी शिवण मारून दिली, चाळीस रुपये घेतले. मूळ शिवणीपेक्षा ती पक्की आहे. घरी येताना ठरवलं की आता या पट्ट्याबद्दल सगळं लिहायचंच. माझं भांडण शिवणीवरून नाही. पट्टा पायावर कुठे येतो, त्यावरून आहे.

आधी माझं पाऊल कसं लोंबू लागलं ते सांगतो, कारण पट्ट्याचा मुद्दा त्याशिवाय कळणार नाही.

लालबागला आमचा गणपतीचा कारखाना आहे, वडिलांपासूनचा. माझ्याकडे डोळ्यांची आखणी आणि सोवळ्याचे काठ. मोठ्या मूर्तीसाठी परांचीवर चढतो, पण घरगुती मूर्ती पाटावर ठेवून, समोर उकिडवं बसूनच रंगवायची सवय. तसं बसलं की हात गुडघ्यावर टेकतो आणि कुंचला हलत नाही. २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्याआधी जूनमध्ये मला टायफॉइड होऊन नऊ किलो वजन उतरलेलं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री साडेदहाला बसलो तो पहाटे चारला उठलो. उजव्या पायाला मुंग्या होत्या, त्या तर रोजच्याच. चहाला निघालो आणि चार पावलांवर भावाने हाक मारली, "अरे, चप्पल राहिली तुझी." उजवी चप्पल मागे पडली होती आणि मला पत्ताच नव्हता. पुन्हा घातली, पुन्हा गळली. टाच टेकली की चवडा फरशीवर फट्ट करून आपटायचा. पाऊल वर उचल म्हटलं तरी उचलत नव्हतं.

घरात कुणी लकवा म्हणालं, कुणी कंबरेची नस. बायकोने त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी एमआरआय वगैरे काही न सांगता आधी पाच मिनिटं पाय तपासला. "चवड्यावर उभे राहा." राहिलो. "पाऊल आत वळवा." वळलं. "बाहेर वळवा." नाही. "अंगठा वर." नाही. मग कापूस फिरवला. तळव्याला कळत होता, पावलाच्या वरच्या बाजूला जेमतेम आणि अंगठा व शेजारच्या बोटाच्या बेचक्यात अजिबात नाही. ते म्हणाले, कंबरेत एल-फाइव्ह नावाची नस दबली असती तर पाऊल आत वळवतानाही जोर कमी पडला असता. तुमचं आत वळतंय, म्हणजे बिघाड खाली आहे. आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचं जे टेंगूळ लागतं त्याच्या जरा खाली त्यांनी माझंच बोट ठेवलं. "इथे."

नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. ढुंगणातून मांडीच्या मागून उतरणारी सायटिक नस गुडघ्याच्या वर दोन भागांत फुटते. एक टिबियल, ती पोटरीत मागे खोलवर जाते आणि चवड्यावर उभं राहण्याचं, पाऊल आत वळवण्याचं काम बघते. दुसरी कॉमन पेरोनिअल. ती फिब्युला या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून पुढे येते आणि नेमकी तिथेच उघडी पडते. एका बाजूला हाड, दुसऱ्या बाजूला कातडी आणि मध्ये थोडीशी चरबी. माझी ती चरबी टायफॉइडने नेली होती आणि उकिडवं बसल्यावर घडीत नस साडेपाच तास चेपली गेली. या वळशानंतर तिच्या दोन शाखा होतात. वरवरची शाखा पाऊल बाहेर वळवते आणि पावलाच्या पाठीला स्पर्शाची जाणीव देते. खोलवरची शाखा पाऊल व बोटं वर उचलते आणि त्या बेचक्यातली जाणीव तिच्याकडे असते. अंगठ्याच्या बेचक्यात कापूस का कळला नाही, ते मला तेव्हा उलगडलं.

डॉक्टरांनी कातडीवर चट्टे आहेत का आणि नस जाड लागते का, तेही पाहिलं. कुष्ठरोग याच जागी ही नस आणि कोपराशी अल्नर नस धरतो. वडाळ्यात १८९० पासून त्याचं रुग्णालय आहे, त्यामुळे मुंबईतल्या जुन्या डॉक्टरांचा हात आपोआप तिकडे जातो. माझ्याकडे तसं काही निघालं नाही.

तीन आठवड्यांनी एनसीव्ही आणि ईएमजी, म्हणजे नसेतून करंट कसा जातो ते पाहणारी आणि स्नायूत सुई घालून करायची तपासणी. आधी करून उपयोग नसतो, स्नायूंतले बदल सुईला दिसायला तेवढा वेळ लागतो. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत करंट नीट जात होता, फिब्युलाच्या मानेशी येऊन अडखळत होता. हर्बर्ट सेडन या ब्रिटिश सर्जननी १९४३ साली नसेच्या इजांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात नस शाबूत, फक्त निरोप अडतो, तो आठवड्यांत सुटतो. दुसऱ्यात आतले धागे तुटतात पण वेष्टन टिकतं, धागे त्याच वाटेने पुन्हा वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. तिसऱ्यात नस पूर्ण तुटते, तिथे शस्त्रक्रियाच. माझं पहिल्या आणि दुसऱ्याचं मिश्रण होतं. नस सुधारेपर्यंत पाऊल लोंबत ठेवायचं नाही, नाहीतर टाचेमागचा स्नायूचा दोर आखडतो. म्हणून स्प्लिंट.

आता वस्तू. पांढरं प्लास्टिक, पोटरीमागून येऊन तळव्याखाली जाणारं, पट्टे दोन. ज्याला लागते त्याला हे माहीत असतं, लांबण लावत नाही. परळच्या दुकानात विचारलं, "दादा, बुटाचा नंबर?" आठ. "मग लार्ज." डब्यावरच्या तक्त्यातही तेवढंच. पायाच्या लांबीचं कुणी नाव काढलं नाही. माझी उंची पाच फूट दोन इंच आणि पाऊल मोठं, वडिलांसारखं. लार्ज घातली, पट्टा आवळला, आणि तो पट्टा बरोबर त्या टेंगळाखाली बसला, जिथे डॉक्टरांनी माझं बोट ठेवलं होतं.

पहिले पंधरा दिवस मी खूश होतो, कारण चालताना फट्ट वाजायचं थांबलं. मग रात्री स्प्लिंट काढल्यावर पावलावर झिणझिण्या सुरू झाल्या, आणि जो स्पर्श थोडाफार कळत होता तोही कमी झाला. कस्टमर केअरला सांगितलं की पट्टा नसेवर येतोय. उत्तर, "सर, पट्टा सैल असेल तर घसरतो, थोडा घट्ट बांधा." मला इतका संताप आला की फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. ज्या नसेसाठी ही वस्तू विकता, तिच्यावरच पट्टा आवळायला सांगता? परत घ्या म्हटलं तर "वापरलेला माल परत होत नाही." तीन मेल केले. तिन्हींना एकच छापील उत्तर.

ऑक्टोबरपर्यंत माझं मत एवढंच होतं: घेऊ नका. ते बदललं परळच्याच एका गल्लीतल्या ऑर्थोटिस्ट मुलीमुळे, म्हणजे स्प्लिंट मापाने बसवून देणाऱ्या तज्ज्ञ मुलीमुळे. फिजिओथेरपिस्टने तिच्याकडे पाठवलं होतं. तिने स्प्लिंट न बघता आधी माझी नडगी मोजली. पेनने फिब्युलाच्या मानेवर खूण केली, त्याखाली दुसरी रेघ मारली आणि म्हणाली, "काका, प्लास्टिकची वरची कड या रेघेच्या वर येता कामा नये. मानेपासून साधारण एक इंच खाली." माझी स्प्लिंट रेघेच्या बरीच वर होती. तिने वरचं प्लास्टिक कापलं, कड घासली, हीट गनने गरम करून बाहेर वळवली म्हणजे रुतणार नाही, आतून फोम लावला आणि पट्ट्याचं रिव्हेट काढून खाली मारलं. पाऊण तास, साडेतीनशे रुपये. झिणझिण्या चौथ्या दिवशी थांबल्या.

तेव्हापासून प्लास्टिकबद्दल माझी तक्रार नाही. करी रोडचा पूल, भांडुपची गर्दी, स्लो लोकलमध्ये चढताना फलाट आणि डब्यातली फट, सगळीकडे या पायाने साथ दिली. पूर्वी पाऊल अडकू नये म्हणून गुडघा पोटापर्यंत उचलून चालायचो आणि कंबर भरून यायची. ते दुसऱ्या आठवड्यात थांबलं. मी आधी वर म्हणणार होतो की प्लास्टिक पातळ आहे. आत्ता पुन्हा हातात घेऊन पाहिलं, सात महिन्यांत घोट्याशी एक तडा नाही. तेवढं श्रेय त्यांना.

बाकीचं थोडक्यात. घरात आपण चपला काढतो आणि ही स्प्लिंट बुटाशिवाय लादीवर सटकते, त्यामुळे घरासाठी वेगळे, एक नंबर मोठे कॅनव्हासचे बूट ठेवावे लागले. पावसाच्या दिवसांत मोजा दोनदा बदला. कारखान्यात शाडूची धूळ वेलक्रोत बसते आणि पट्टा धरेनासा होतो. जुना टूथब्रश सुका फिरवा, पाणी लावू नका, शाडू ओली झाली की आत घट्ट बसते.

भावाला याच काळात दुसरं दुखणं निघालं. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर व्हायची. ती मीडियन नस, मनगटातल्या बोगद्यात दबलेली. तो रात्री मनगटाची स्प्लिंट लावून झोपतो. त्या स्प्लिंटचं माप मनगटाचा घेर घेऊन काढलं. हाताला घेर मोजता, मग पायाला नडगी का नाही?

नोव्हेंबरच्या शेवटी खुर्चीत बसलो असताना नडगीच्या पुढच्या स्नायूत फडफड जाणवली. हात लावून पाहिला, कातडीखाली दोर हलल्यासारखा. मी बायकोला हाक मारली आणि तिने माझ्याआधी पाहिलं. "अहो, हललं!" पाऊल अर्धा इंच उचललं होतं. तो स्नायू नसेच्या वाटेवर जवळ लागतो म्हणून आधी आला. अंगठा उचलणारा स्नायू खाली आहे, तो फेब्रुवारीत आला. बेचक्यातला स्पर्श अजून अर्धाच. रोज सकाळी ओढणी तळव्याला लावून टाच ताणायची, ते सात महिने एक दिवस सोडलं नाही. आता मी स्टुलावर बसून रंगवतो, मूर्ती उंच पाटावर. काठ पहिल्यासारखे सरळ यायला महिना गेला.

ज्यांना नवी बनवून घ्यायची आहे त्यांच्यासाठी, हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासून. तिथे पायाचं माप घेऊन स्प्लिंट बनतात. तयार घेणार असाल तर बूट काढून बसा, गुडघ्याखालचं बाहेरचं टेंगूळ बोटाने शोधा, तिथून दोन बोटं खाली पेनने रेघ मारा आणि दुकानदारासमोर स्प्लिंट लावून बघा.

मला आता ती फक्त लांबच्या प्रवासाला लागते. शेजारच्या काकूंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यात सायटिक नस ताणली गेली आणि त्यांचंही पाऊल पडलं. त्यांच्या मुलीने आज सकाळी विचारलं, "काका, तुमची देता का, नंबर आठच आहे आईचा." मी टेप घेऊन गेलो. काकूंच्या टेंगळापासून टाचेपर्यंत मोजलं तर माझ्यापेक्षा दोन सेंटिमीटर कमी निघालं. म्हणजे कापल्यानंतरही कड त्यांच्या नसेजवळच जाते. गुरुवारी मी आणि काकूंची मुलगी स्प्लिंट घेऊन परळला जातोय, ऑर्थोटिस्टला फोन करून ठेवला आहे. तोवर काकूंना ती घालू दिलेली नाही.